गाडीत करपल्या तेलाचा वास येतो तेव्हा

"अहो, कसला तरी जळल्यासारखा वास येतोय हं."

"अगं, पुढच्या ट्रकचा असेल. काच वर कर."

हा संवाद तुमच्या गाडीत कधी ना कधी झालाच असेल. काच वर होते, ट्रक पुढे निघून जातो. वास मात्र जात नाही. सिग्नलला गाडी उभी राहिली की तो वाढतो, गाडी वेगात निघाली की कमी होतो, आणि घरी आल्यावर पिशव्या काढताना बॉनेटपाशी पुन्हा नाकात शिरतो. तोवर मुलांना भूक लागलेली असते, कुकर लावायचा असतो. वासाचे नंतर पाहू, असे म्हणून आपण जिना चढू लागतो.

मैत्रिणींनो, हे 'नंतर' फार लांबू देऊ नका. कढईतले तेल धुराला लागले आहे हे ज्या नाकाला बाहेरच्या खोलीत बसूनही कळते, त्या नाकावर गाडीत बसल्यावरही विश्वास ठेवा. इंजिनातले तेल जळत असेल तर त्याचे दोनच अर्थ निघतात. एक तर ते बाहेर गळून एखाद्या तापलेल्या भागावर पडते आहे, नाही तर इंजिनाच्या आतच पेट्रोल-डिझेलबरोबर जळते आहे. पहिले दुखणे बहुधा थोडक्यात बरे होते, दुसरे महागात पडू शकते. या दोहोंतला फरक ओळखायला हत्यारे लागत नाहीत. नाक, डोळे, एक जुने फडके आणि थोडा धीर, एवढ्यावर भागते. गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी इतके करून ठेवले, म्हणजे "वहिनी, इंजिन उतरवावं लागेल" असे कोणी म्हणाले तर आपल्याला दोन नेमके प्रश्न तरी विचारता येतात.

आधी वास ओळखू या

गाडीतला प्रत्येक जळका वास तेलाचाच असतो असे नाही. फोडणी करपली की दूध लागले, हे आपण वासावरून सांगतो ना? तसेच इथेही आहे.

जळक्या कागदासारखा उग्र वास घाट चढताना आला, तर तो बहुधा क्लचचा. घाट उतरताना आला तर ब्रेकचा. हँडब्रेक तसाच ओढलेला राहिला तरी असाच वास येतो, तेव्हा आधी तो पाहावा.

प्लॅस्टिक किंवा रबर जळल्यासारखा वास वायरचा असू शकतो. इथे थांबून इंजिन बंद करावे हेच बरे. कधी कधी रस्त्यावरची प्लॅस्टिकची पिशवी सायलेन्सरला चिकटलेली असते, तिचाही असाच वास येतो.

गोडसर, पाक आटल्यासारखा वास कूलंटचा. तापमानाचा काटा वर गेलेला असेल तर गाडी थांबवा; पण इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नका. कुकरची वाफ जाण्यापूर्वी झाकण उघडण्यासारखेच ते आहे.

पेट्रोलचा किंवा सीएनजीचा वास आला तर अंदाज बांधत बसू नये. गाडी थांबवून इंजिन बंद करायचे, सर्वांनी खाली उतरायचे आणि जवळपास कोणालाही काडी ओढू द्यायची नाही.

आणखी एक गमतीदार वाटणारा, पण नेहमी घडणारा प्रकार म्हणजे बॉनेटखाली राहिलेली चिंधी. कधी ती सर्व्हिसिंग करणाऱ्या पोऱ्याने विसरलेली असते, तर कधी उबेला आलेल्या उंदराने घरटे करायला आणलेली असते.

तेलाचा वास या सगळ्यांपेक्षा वेगळा असतो. कढईतले तेल फार वेळ तापत राहिले तर येतो तसा जड आणि घशात बसणारा. हा वास तुमच्या गाडीत येत असेल तर पुढे वाचा.

सिग्नललाच का येतो?

चालत्या इंजिनातले तेल साधारण शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गरम असते. तेवढ्या उष्णतेला त्याचा धूर होत नाही. पण इंजिनातले जळके वायू ज्या नळ्यांतून सायलेन्सरकडे जातात, तो मॅनिफोल्ड कित्येक शे अंशांपर्यंत तापतो. त्यावर तेलाचे चार थेंब पडले तरी तापल्या तव्यावर पडल्यासारखे ते चर्रर् करून जळतात आणि वास सुटतो.

आता गाडीच्या आत येणारी हवा पाहा. पुढच्या काचेच्या खाली, बॉनेटच्या मागच्या कडेला जाळी असते. बाहेरची हवा बहुतेक गाड्यांत तिथूनच आत येते. गाडी धावत असताना वारा हा धूर मागे उडवून नेतो. गाडी उभी राहिली की तो बॉनेटखाली साचतो आणि त्या जाळीतून आत शिरतो. म्हणून थांबल्यावर वास वाढत असेल, तर तेल इंजिनाच्या बाहेर गळते आहे असे समजायला बरीच जागा आहे.

एसीचे आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबले की वास कमी होतो खरा. पण ते नाक दाबून धरण्यासारखे झाले. तेल गळायचे ते गळतच राहते.

घरच्या घरी पाच तपासण्या

या तपासण्या इंजिन बंद करून आणि थंड झाल्यावर करायच्या. साडीचा पदर, ओढणी, लांब केस नीट बांधून घ्यावेत. काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही पंखा एकदम सुरू होतो.

१. तेलाची पातळी: गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटे जाऊ द्या, म्हणजे तेल खाली उतरते. डिपस्टिक बाहेर काढून फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, बाहेर काढून पाहा. तेल दोन खुणांच्या मध्ये असायला हवे. खालच्या खुणेच्या खाली असेल तर गाडी तशीच चालवू नका. वरच्या खुणेच्या पुष्कळ वर असेल तर तेही वाईट. जास्तीचे तेल घुसळले जाते, फेसाळते आणि गळतीला निमित्त होते. काही नव्या गाड्यांत डिपस्टिक नसते, पातळी पडद्यावर दिसते.

२. तेलाचे झाकण: तेल ओतायच्या तोंडावरचे झाकण घट्ट बसले आहे का? त्याखालचे रबर चिरलेले नाही ना? सर्व्हिसिंगनंतर हे झाकण सैल राहिल्याने सगळे इंजिन तेलकट झाल्याचे प्रकार होतात. झाकण आवळणे हा या दुखण्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय!

३. खाली पुठ्ठा: रात्री इंजिनाखाली एक मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी काळे-तपकिरी डाग दिसले तर ते इंजिनाचे तेल. हिरवे, गुलाबी किंवा निळसर पाणीदार डाग कूलंटचे. नुसते स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचे, त्याची काळजी नको. मात्र पुठ्ठा कोरडा राहिला म्हणून निर्धास्त होऊ नका. पुष्कळ गाड्यांच्या पोटाखाली प्लॅस्टिकचे आवरण असते, थेंब त्यातच साचतात.

४. टॉर्चचा उजेड: बॉनेट उघडून इंजिनाच्या माथ्यावरचे चपटे झाकण पाहा. त्याला गॅरेजमध्ये टॅपेट कव्हर म्हणतात. त्याच्या कडेने ओल किंवा धूळ बसलेला काळा चिकट थर दिसतो का? ही ओल मॅनिफोल्डच्या बाजूला असेल, तर वासाचे मूळ बहुधा सापडलेच. तेल खाली ओघळते आणि वाऱ्याने मागे पसरते. म्हणून खालची ओल पाहून ठरवू नका. सर्वांत वरची ओली जागा शोधा.

५. धुराचा रंग: सकाळी गाडी सुरू करताना घरातल्या कोणाला तरी मागे, थोडे बाजूला उभे करा. थंडीतला पांढरा, लगेच विरणारा धूर म्हणजे वाफ. निळसर, रेंगाळणारा धूर म्हणजे इंजिनाच्या आत तेल जळते आहे.

गळती बाहेरची असेल तर

नुकतेच सर्व्हिसिंग झाले असेल आणि तेल बदलताना थोडे सांडले असेल, तर तो वास दोन-तीन दिवसांत आपोआप जातो. पुढेही येत राहिला तर गाडी परत न्यावी. तेलाचा फिल्टर नीट बसला आहे का, आणि खाली चेंबरचा नट घट्ट आहे का, हे दोन्ही पाहायला सांगावे. फिल्टरची एक खोड आहे. जुन्या फिल्टरची रबरी कडी कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. त्यावर नवा फिल्टर चढवला की दोन कड्यांमधून तेल गळू लागते.

जुन्या गाडीत मात्र पहिला संशय टॅपेट कव्हरच्या पॅकिंगवर घ्यावा. कुकरच्या झाकणाची रिंग वर्षानुवर्षे तापून कडक झाली की कडेने वाफ सुटते ना, अगदी तसेच. पॅकिंग कडक होते, आकसते आणि तेल झिरपू लागते. कव्हर उतरवायचे, दोन्ही कडा स्वच्छ पुसायच्या, नवे पॅकिंग बसवायचे आणि बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने थोडे थोडे आवळायचे. बऱ्याच लहान गाड्यांत हे दोन-एक तासांचे काम आहे. यात दोन गोष्टींकडे लक्ष ठेवावे. जुनेच पॅकिंग नुसते लोशन लावून बसवू देऊ नये. आणि "घट्ट म्हणजे चांगले" म्हणून बोल्ट पिळू देऊ नयेत. त्याने कव्हर वाकते किंवा तडकते, आणि नवे पॅकिंगही गळते.

नवे पॅकिंग काही महिन्यांतच गळू लागले तर पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासायला सांगा. इंजिनात साठणाऱ्या वायूंना वाट देणारा हा लहानसा भाग आहे. तो चोंदला की आतला दाब वाढतो आणि तेल जिथे वाट मिळेल तिथून बाहेर येते. कुकरची शिट्टी चोंदल्यावर वाफ कडेने फुटते, तसे. भाग लहान, पण तो न पाहता पॅकिंगवर पॅकिंग बदलत राहिले तर पैसे वाया जातात.

क्रँकचे मागचे ऑइल सील गळत असेल तर काम मोठे असते. सील स्वतः महाग नसते, पण तिथवर पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून मजुरी वाढते. क्लच प्लेट झिजत आलेली असेल तर ती त्याच वेळी बदलून घ्यावी. तीच मजुरी दोनदा द्यायला नको.

नेमके कुठून गळते हे कळत नसेल तर एक साधी युक्ती सांगते. थंड इंजिनावरची संशयित जागा फडक्याने स्वच्छ पुसून घ्या आणि तिथे थोडी टाल्कम पावडर भुरभुरवा. पट्ट्यांवर मात्र पडू देऊ नका. पाच-दहा किलोमीटर फिरून या. इंजिन थंड झाल्यावर पाहिले तर पांढऱ्या पावडरीत तेलाची ओली रेघ स्पष्ट दिसते.

तेल आतच जळत असेल तर

बाहेर कुठेही ओल नाही, तरी पातळी घटते आहे आणि मागून निळा धूर येतो आहे. अशा वेळी तो धूर केव्हा येतो यावर लक्ष ठेवा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतून सकाळी सुरू करताना निळा भपका येतो आणि मग थांबतो, किंवा खंबाटकीसारखा घाट कमी गिअरमध्ये उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की येतो, तर व्हॉल्व्ह सील झिजल्याचा संशय घ्यावा. रिकामा असो की भरलेला, प्रत्येक चढावर आणि वेग घेताना धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगांकडे बोट जाते. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोचे सीलही कारण असू शकते.

व्हॉल्व्ह सीलचे काम रिंगांच्या कामापेक्षा पुष्कळ लहान असते. म्हणूनच "इंजिन करावं लागेल" असे ऐकल्याबरोबर मान डोलवू नका. आधी कॉम्प्रेशन तपासायला सांगा. या चाचणीत प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात आणि रिंगा गेल्या आहेत की नाहीत याचा अंदाज आकड्यांत मिळतो. काम पुढे ढकलायचे ठरले तरी तेलाच्या पातळीवर डोळा ठेवावा. तेल जळत राहिले की सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू निकामी होतो आणि खर्चात आणखी एका महागड्या भागाची भर पडते.

मिस्त्रींशी बोलताना

"वास येतो" एवढेच सांगितले तर मिस्त्री गाडी भोवती फिरून "काही नाही ताई, चालतंय" म्हणण्याचा संभव असतो. त्याऐवजी असे सांगून पाहा: "दादा, पंधरा दिवसांपासून वास येतोय. सिग्नलला जास्त येतो. चारशे किलोमीटरमध्ये तेल अर्ध्या खुणेने उतरलं. धूर निळा नाही. टॅपेट कव्हरची मागची बाजू ओली आहे." डॉक्टरकडे गेल्यावर ताप कधीपासून आणि किती, हे आपण सांगतोच की! असे सांगणाऱ्या बाईला कोणी सहसा उडवून लावत नाही. काम झाल्यावर जुने पॅकिंग मागून घ्या, आणि बॉनेटखालचे सगळे जुने तेल पुसून द्यायला सांगा. नाही तर तेच जळत राहते, आणि दुरुस्ती झाली की नाही हे कळत नाही.

बाईमाणसाला यंत्रातले काय कळते, असे कोणी म्हणालेच तर बर्था बेंझची गोष्ट सांगावी. १८८८च्या ऑगस्टमध्ये ही जर्मन गृहिणी नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर बसवून, मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली, आणि ब्रेक झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यांना चामडे लावून घेतले. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून तो ओळखला जातो.

केव्हा थांबायलाच हवे?

नुसता हलका वास असेल आणि पातळी ठीक असेल, तर गॅरेजपर्यंत गाडी जपून नेता येते. पण पुढच्या तीन प्रसंगी नवरा, सासरे, कोणीही "एवढं काय, चल" म्हणाले तरी ऐकू नका.

पहिला: समोर तेलाच्या बुधलीचे लाल चिन्ह पेटले तर. हा दिवा तेलाचा दाब पडल्याचे सांगतो. बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा. तेलाशिवाय इंजिन थोड्या वेळातच जाम होऊ शकते. आणि दिवा लागला नाही म्हणजे तेल पुरेसे आहे, असेही समजू नका. तो फार उशिरा लागतो.

दुसरा: गाडीखाली थेंबांऐवजी धार लागली असेल तर.

तिसरा: बॉनेटमधून धूर दिसत असेल तर. गाडी डाव्या कडेला घ्या, इंजिन बंद करा, मुलांना आणि वडीलधाऱ्यांना रस्त्याच्या बाजूने न उतरवता कडेच्या दाराने उतरवून लांब न्या. सामान काढत बसू नका. ज्वाळा दिसत असतील तर बॉनेट उघडू नका. हवा मिळाली की आग भडकते. पेटलेल्या कढईत पाणी ओतायचे नसते हे आपल्याला ठाऊक आहे. पेटलेल्या इंजिन तेलावरही पाणी ओतायचे नाही. ११२ या क्रमांकावर मदत मागा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा क्रमांकही आहे.

एक छोटी सवय

दुधाच्या आणि गॅसच्या हिशेबाच्या वहीतच गाडीसाठी एक पान ठेवा. दर पंधरा दिवसांनी, आणि लांबच्या प्रवासाला निघण्याआधी, डिपस्टिक पाहून तारीख, किलोमीटर आणि पातळी लिहा. तेल घालायचे झालेच तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचेच घाला; तेही एकदम न ओतता पाव-पाव लिटर, मध्ये पातळी पाहत. चार महिन्यांत तुमच्या गाडीला किती तेल लागते हे तुम्हाला पाठ होईल, आणि त्यात फरक पडला तर वास येण्याआधीच कळेल.

इंजिन वेळेवर तेल मागते, तेवढे त्याला मिळाले की वर्षानुवर्षे बिनतक्रार साथ देते. तेव्हा या रविवारी, चहा झाल्यावर, एक जुने फडके घेऊन खाली उतरा आणि बॉनेट उघडून पाहाच!